शंभर तास मुरलेली तार

मी स्पीकरची तार बोलतेय. पण ऐऱ्यागैऱ्यांतली समजू नका. तांब्यावर चांदीचा मुलामा, वर विणलेलं काळं कापड आणि अंगावर छापलेला बाण. आवाजाने कुठून कुठे जायचं, हे त्याला कळावं म्हणून म्हणे तो बाण! मखमली पेटीत बसून मी दातांच्या एका निवृत्त डॉक्टरांच्या घरी आले.

घरात डॉक्टर आणि त्यांची बायको, दोघंच. मला जोडताच डॉक्टरांनी फर्मान काढलं, "शंभर तास नुसती वाजू दे. तार मुरायला हवी. तोवर ऐकायचं नाही."

"गाणं लावायचं आणि ऐकायचं नाही?" बाई म्हणाल्या.

तसंच झालं. दार बंद करून रिकाम्या खोलीत मी आठवडाभर वाजत होते.

शंभर तास संपले, तरी ऐकणं काही सुरू होईना. गाणं रंगात आलं की डॉक्टर ते थांबवायचे. "हा वरचा सूर बघ. जुन्या तारेत कुठे होता?" की पुन्हा पहिल्यापासून. बाईंना एक गाणं शेवटपर्यंत हवं होतं, एवढंच. हळूहळू संध्याकाळी त्या स्वयंपाकघरातच बसू लागल्या. मला फार वाईट वाटायचं. हौसेला मोल नसतं हे खरं, पण माझ्यापायी गाणंच अर्धवट राहत होतं.

एकदा कपाटामागची जळमटं काढताना बाईंच्या हातून मी निघाले आणि काही केल्या परत बसेना. त्यांनी टेबलावरच्या जुन्या दिव्याची वायर कापून तिथे जोडली, मला खालच्या खणात टाकलं आणि जीव मुठीत धरून डॉक्टरांची वाट पाहत बसल्या.

डॉक्टरांनी गाणं लावलं, डोळे मिटले. "आता मुरली बघ," म्हणाले आणि गाणं संपेपर्यंत हलले नाहीत. बाई शेजारी येऊन बसल्या. मग रोजच बसू लागल्या.

चार महिन्यांनी बाईंचा भाऊ माझी कीर्ती ऐकून आला. कपाटामागे वाकला आणि हसतच सुटला. "दाजी, ही तर दिव्याची वायर!"

डॉक्टरांचा चेहरा पडला. भाऊ गेल्यावर त्यांनी विचारलं, "मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही गाणं पुरतं ऐकू देत होतात," बाई म्हणाल्या. "सांगितलं असतं तर पुन्हा थांबवायला लागला असतात."

आणि त्यांनी खालच्या खणाकडे बोट दाखवलं. डॉक्टरांनी तो उघडून मला हातात घेतलं. म्हटलं, झालं, पुन्हा तेच. पण त्यांनी मला नीट गुंडाळून परत ठेवलं. "कुठलं लावू?" त्यांनी बाईंना विचारलं.

फरक पडतो का, असं मला विचाराल, तर खणातून मीही रोज ऐकते. मला तरी काही कमी वाटत नाही. हे कबूल करायला जिवावर येतं, पण खोटं कशाला बोलू? कुणाला हवी असेन तर खुशाल न्या. फक्त ऐकायला कुणाला तरी शेजारी बसवा, आणि गाणं संपू द्या.