निवेसचा एकही फोटो नाही

कबरीच्या दगडावर लावायला निवेसचा एकही धड फोटो घरात नव्हता. इटलीतल्या त्यांच्या फेर्रारा गावात दगडावर चेहरा नसलेली कबर म्हणजे दारावर नाव नसलेलं घर. पण निवेसनं जन्मभर कॅमेरा स्वतःच्याच डोळ्याला लावलेला. रोज संध्याकाळी फिरायला निघायचं आणि किल्ला, कॅथेड्रल, हिऱ्यांचा महाल, जे दिसेल त्याच्यापुढे नवऱ्याला, लेआर्कोला, उभं करायचं. खोकी भरून फोटो, आणि सगळ्यांत हाच बाबा!

"ओळखपत्रावरचा आहे की," लेआर्को म्हणाला.

"तो लावलात तर मम्मा उठून अंगावर येईल तुमच्या," त्याची मुलगी मोरेना म्हणाली. "इतकी वर्षं संसार केलात, पप्पा, एकदा तरी कॅमेरा हिसकावून घ्यायचात! जाऊ द्या. तिच्या लाडक्या कॅथेड्रलचाच फोटो आणा, तोच लावू."

हे त्याला फार लागलं. निवेसचा कॅमेरा गळ्यात अडकवून तो बाहेर पडला. ऊन उतरलं होतं. हातात हात घालून, सायकली ढकलत, गप्पा हाणत माणसं चौकाकडे चालली होती. हात बसावा म्हणून त्यानं आधी किल्ल्याचा फोटो काढला आणि मागच्या पडद्यावर पाहिला. खंदकाच्या कठड्याशी एक म्हातारा उभा होता. तो लेआर्कोच होता. जुनाच फोटो उघडला असेल म्हणावं, तर अंगातला कोट मोरेनानं परवाच आणलेला.

मग त्यानं कॅथेड्रलचा फोटो घेतला. दारातल्या दगडी सिंहाशी पुन्हा तोच, आणि या खेपेला कुणीतरी सांगितल्यासारखी हनुवटी किंचित वर करून हसत होता. दफनानंतर लेआर्को एकदाही हसला नव्हता.

तो घाबरला नाही. त्याचा जीव तिळतिळ तुटला. कॅमेऱ्यामागे अजून तीच होती, आणि अजूनही तिचा चेहरा काही त्याला मिळत नव्हता. कॅमेरा दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्यायला हवा होता.

एक अनोळखी तरुणी सायकल खांबाला टेकवून कुणाची तरी वाट पाहत होती.

"पोरी, एक फोटो काढतेस?"

"कॅथेड्रलचा, आजोबा?"

"नाही गं. माझा." तो सिंहाशी जाऊन, शेजारी थोडी जागा सोडून उभा राहिला. "चेहरा तेवढा नीट येऊ दे."

तिनं कॅमेरा डोळ्याला लावला, एक पाऊल मागे सरकली, आणि मग संकोचून कॅमेरा खाली घेतला.

"थांबते हं मी," ती हळूच म्हणाली. "आजींना आधी डोळे पुसू द्या."