आधी वाट, मग पाणी

नळदुरुस्ती करणाऱ्याची बायको ती. गळता नळ दिसला की आजींचा हात आपसूक त्याच्याकडे जायचा. आजोबांच्या प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं आणि खाटेशेजारी सलाईनच्या मोठमोठ्या पिशव्या टांगल्या गेल्या. पाणी एका नळीने मूत्राशयात उतरे, आतलं रक्त धुऊन घेई आणि खालच्या पिशवीत येई. सिस्टरने सगळं नीट समजावलं होतं. पण इकडून ओतायचं आणि तिकडून सांडायचं, हे काही आजींच्या मनाला पटेना. दुपारी आजोबांचा डोळा लागला, तेव्हा आजींनी नळीवरचं चाक हळूच फिरवून धार थेंबावर आणली.

धार मंदावली तसं आत रक्त साकळलं. खालच्या नळीतला गुलाबी रंग डाळिंबी झाला, मग काहीच येईना. आजोबा कण्हतच जागे झाले. ओटीपोट टम्म, कपाळावर घाम. आजींच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी घंटी दाबली आणि सिस्टर येईपर्यंत चाक पुन्हा उघडायला गेल्या. सिस्टरने येताच तो हात वरच्यावर धरला.

"आत्ता नको, आजी. आधी वाट मोकळी, मग पाणी."

तिने वरचं पाणी पुरतं बंद केलं, नळी कुठे दुमडली नाही ना ते पाहिलं, डॉक्टरांना निरोप धाडला. रक्ताची गाठ निघाली नाही तर पुन्हा ऑपरेशनच्या खोलीत न्यावं लागेल, एवढंच म्हणाली. आजींनी मान खाली घालून सांगितलं, चाक मीच फिरवलं. सिस्टर रागावली नाही. हात धुऊन तिने हातमोजे चढवले आणि मोठ्या सिरिंजने सलाईन आत सोडलं, अगदी हलक्या हाताने, तान्ह्याला बोंडल्याने दूध पाजावं तसं. मग दट्ट्या मागे ओढला. नुसतंच पाणी आलं. पुन्हा सोडलं, पुन्हा ओढलं. आजींच्या मुठीत पदराचा बोळा झाला होता.

आणि आली. काळीभोर गाठ, जांभळाएवढी. तिच्यामागून आणखी बारकी पिल्लं. मग अडलेलं सगळं भडाभडा खाली उतरलं. पोट मऊ पडलं आणि आजोबांनी असा सुस्कारा सोडला की शेजारच्या खाटेवरचाही हसला.

"जन्मभर लोकांच्या मोऱ्या मोकळ्या केल्या," आजोबा म्हणाले, "आज माझीच तुंबली. आणि तुंबवली कुणी, ते विचारायला नको."

"गप पडा," आजी म्हणाल्या, आणि डोळे पुसले.

सिस्टरने धार पुन्हा सुरू केली. लाल, गुलाबी, मग फिकट गुलाबी. खालची पिशवी भरत चालली, तशी आजी तिच्याकडे लेकराच्या भरल्या ताटाकडे बघावं तसं बघत राहिल्या.

"आजी," सिस्टर हळूच म्हणाली, "सकाळपासून तुम्हीही या खाटेजवळून हलला नाहीत. मी थांबते इथे. बाथरूमला जाऊन या."

तेव्हा कुठे आजींना आठवलं. त्या लगबगीने उठल्या.