कुसगावचा आशिष, तुंगार्लीची शर्वरी

तुंगार्लीच्या तलावावर डिसेंबरात धुकं साडेआठपर्यंत टिकतं. रेणुका सरोदेला हे नेमकं ठाऊक होतं, कारण साडेसहाला ती बंधाऱ्यावर येऊन बसायची आणि धुकं उठलं की तीही उठायची. मांडीवर वही, शेजारी चहाचा थर्मास. त्या दोन तासांत पाणी दिसत नसे, पलीकडचा डोंगर दिसत नसे. दिसत ती फक्त आशिष आणि शर्वरी. बंधाऱ्याच्या दुसऱ्या टोकाकडून दोघं चालत यायची, कधी बोलत, कधी नुसतीच, आणि रेणुका ते उतरवून घ्यायची. ऊन पडलं की दोघं विरून जात. मग ती किल्ल्यांचा जुडगा उचलून कामाला लागे.

काम म्हणजे तुंगार्लीतले सात बंगले. मालक मुंबईचे, पाहुणे शनिवार-रविवारचे, चादरी आणि गॅस रेणुकाच्या जिवावर. वय अडतीस. लग्न जमलं नाही म्हणण्यापेक्षा, जमवायला घरात कुणी उरलं नव्हतं. आपण कादंबरी लिहितो आहोत हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. फक्त समीक्षाला माहीत होतं. समीक्षा पुण्यातल्या एका छोट्या ख्रिस्ती प्रकाशनाची संपादक. तिला आपल्या मंडळीतली, आजच्या काळातली प्रेमकथा हवी होती, आणि रेणुकाची अठरा प्रकरणं तिला आवडली होती. एका गोष्टीखेरीज.

"शर्वरी जिवंत आहे, रेणुकाताई," ती फोनवर म्हणाली. "आशिषचं मात्र मला कळत नाही. तो गवतावरून चालतो आणि गवत दबतच नाही. इतकं चांगलं कुणी असतं का? शेवटची दोन प्रकरणं सोळा तारखेपर्यंत द्या आणि त्याला जमिनीवर आणा. नाहीतर पुस्तक पुढच्या वर्षावर जाईल, आणि पुढच्या वर्षाचा शब्द मी देत नाही."

पंचाईत अशी, की आशिष रेणुकानं मनानं रचलेला नव्हता. कुसगावात शलमोन उजगरेची नर्सरी होती; सातही बंगल्यांना कुंड्या तिथूनच यायच्या. शलमोनचं सावकाश चालणं, माती चिमटीत घेऊन हुंगणं, सगळं तिनं आशिषला देऊन टाकलं होतं. मुख्य म्हणजे त्या पत्र्याच्या पट्ट्या. नर्सरीतल्या प्रत्येक कुंडीत एक पट्टी खोचलेली असे, पांढऱ्या रंगावर काळी, गोल, जराशी उजवीकडे कललेली अक्षरं. "मला सावली आवडते. रोज पाणी नको." "मी उशिरा फुलते. वाट बघा." ही दुसरी पट्टी रेणुकानं चार वर्षांपूर्वी वाचली होती, आणि खरं सांगायचं तर कादंबरी तिथेच सुरू झाली होती. शलमोनची बायको सहा वर्षांपूर्वी वारली, एवढंच तिनं वगळलं. आशिष अविवाहित होता. त्याच्या मागे कुणी नव्हतं.

एकोणिसाव्या प्रकरणात दोघांच्या लग्नाची घोषणा चर्चमध्ये व्हायची होती. ही घोषणा लागोपाठ तीन रविवारी वाचतात, आणि दर वेळी कुणाची हरकत आहे का ते विचारतात. मजकुरात चूक नको म्हणून रेणुकानं तो एका कागदावर स्वच्छ लिहिला आणि गुरुवारी रखमाजीआबांकडे नेला. आबा रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, चर्चचे सेक्रेटरी. त्यांच्या हाती पडलेल्या कागदाची नोंद झाल्याशिवाय राहत नसे.

"आबा, एवढा मजकूर बरोबर आहे का बघता?"

आबांनी चष्मा नाकावर ओढला. "कुसगावचे रोपवाटिकाचालक आशिष, अविवाहित... तुंगार्लीच्या शर्वरी, अविवाहित... मजकूर बराबर हाय. पोरगी तुज्याकडंच ऱ्हाती व्हय?"

"माझ्याकडेच म्हणायची," रेणुका म्हणाली. ते खोटं नव्हतं.

"आन पोरगा?"

"तोही येतो. सकाळी."

"सकाळी येतो?" आबांनी चष्म्यावरून बघितलं.

"चांगला आहे, आबा. फारच चांगला आहे."

"मंग बेस हाय," आबा म्हणाले आणि कागद त्यांच्याकडेच राहिला. सावकाश पुन्हा वाचणार असतील, असं तिला वाटलं. कादंबरीचं तोंडून निघालं असतं तर दोन वाक्यांत काम झालं असतं. ते निघालं नाही.

रविवारी चर्चमध्ये साठ-पासष्ट माणसं होती. चर्चचे नवे पाळकसाहेब येऊन पाचच आठवडे झाले होते. मंडळीतली नावं त्यांना अजून पाठ व्हायची होती. आठवड्याच्या सूचना वाचता वाचता त्यांनी आबांनी ठेवलेला पुढचा कागद उचलला आणि स्वच्छ आवाजात कुसगावचा आशिष आणि तुंगार्लीची शर्वरी यांची घोषणा वाचली. "ही पहिली वेळ. या विवाहास कोणाची योग्य कारणाने हरकत असेल, तर त्यांनी ती कळवावी."

कुणी बोललं नाही. खिडकीतून ऊन तिरपं आत आलं होतं, त्यात धूळ तरंगत होती, आणि रेणुकाला क्षणभर वाटलं की मागच्या बाकावर दोघं येऊन बसलीत, शर्वरीनं पदर सारखा केलाय, आशिषनं मान खाली घातली आहे. तिनं खरोखरच वळून बघितलं. बाक रिकामा होता. त्याच्या पुढच्या बाकावर शलमोन बसला होता आणि तो तिच्याकडे बघत होता.

उपासनेनंतर चहाच्या वेळी मंडळीतल्या नंदाबाईंनी बशीतला चहा फुंकत सुरुवात केली. "तुंगार्लीची शर्वरी कोण गं, रेणुका? आपल्या मंडळीतली, आणि मला ठाऊक नाही? आणि शलमोन, तुझ्या कुसगावात दुसरी नर्सरी कधी निघाली?"

"मलाही आत्ताच कळलं, मावशी," शलमोन म्हणाला.

रेणुकानं कप तसाच ठेवला आणि चर्चमधली आबांची खोली गाठली. सगळं सांगितलं. आबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"म्हंजी ही मानसंच न्हाईत?"

"नाहीत, आबा."

"आगं, मी वहीत लिवलं की. शाईनं! एकतीस वर्सं गार्ड हुतो, न सुटलेली गाडी सुटली म्हून कदी लिवलं न्हाई मी." त्यांनी वही उघडून पुन्हा मिटली. "आता खोडायचं तर दोनी बाजूंच्या सह्या पायजेत. माज्या वहीचा तसा कायदाच हाय. नवरीकडनं तू कर. नवऱ्याकडनं कोन?"

"नाव माझं नाही," दारातून आवाज आला. "पण गाव माझं आणि नर्सरीही माझी." शलमोन चौकटीला टेकून उभा होता. "सही माझ्याकडेच मागावी लागेल. आणि मी वाचल्याशिवाय सही करत नाही, मॅडम."

नाही म्हणता आलं असतं. रेणुकानं पिशवीतून वही काढून त्याच्या हातात दिली.

तो आठवडाभर धुकं नेहमीसारखंच आलं, पण त्यातून कुणी आलं नाही. रेणुका कोरे कागद घेऊन बसायची. सोमवार, मंगळवार, बुधवार. तो वाचून हसला असेल. किंवा हसला नसेल, ते जास्त वाईट. आता त्याच्याकडून कुंड्या कशा मागवायच्या, रविवारी कोणत्या बाकावर बसायचं? दोन प्रकरणं तर राहूच देत, अठराही हातची गेली, असं गुरुवारपर्यंत तिनं ठरवून टाकलं होतं.

शनिवारी सातच्या सुमारास बंधाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला एक आकृती उमटली. एकटीच. आशिषसारखी सावकाश चाल. रेणुकानं सवयीनं पेन उचललं, आणि मग तिला ऐकू आलं: दवानं भिजलेलं गवत पायाखाली चुरत होतं. माणूस जवळ आला. त्याची विजार गुडघ्यापर्यंत ओली होती आणि मागे गवतात आडव्या पडलेल्या काड्यांची वाट उमटली होती.

शलमोननं वही तिच्या शेजारी ठेवली आणि तोही बसला.

"चांगलं लिहिलंय," तो म्हणाला. "दोनदा वाचलं. पण ती अक्षरं माझी नाहीत."

"कुठली?"

"पट्ट्यांवरची. ती सुवार्ताची आहेत. माझ्या बायकोची. रंग उडाला की मी तिच्या अक्षरांवरूनच ब्रश फिरवतो. माझं अक्षर तुम्ही पाहिलं नाही अजून. आबांनासुद्धा लागत नाही ते."

रेणुका पाण्याकडे बघत राहिली. पाणी नव्हतंच, पांढरं काहीतरी होतं. चार वर्षं जी ओळ तिनं मनात जपली होती, ती एका बाईनं लिहिली होती. त्या बाईला तिनं अठरा प्रकरणांत कुठे उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नव्हतं.

"तुमच्या आशिषच्या घरात एकच कप आहे," शलमोन म्हणाला. "माझ्याकडे दोन आहेत. एकाचा कान तुटलाय, तरी टाकवत नाही. पाळकसाहेबांनी हरकत विचारली होती ना? ही माझी हरकत."

"लग्नाला?"

"लग्नाला नाही. 'अविवाहित'ला."

मग रेणुकानं थर्मासचं झाकण उघडून त्यात चहा ओतला आणि त्याच्यापुढे धरला. झाकण एकच होतं. अर्धा पिऊन त्यानं परत दिलं.

"शेवटी काय होतं त्यांचं?" त्यानं विचारलं.

"माहीत नाही. परवापर्यंत लिहून द्यायचंय."

"मग लिही, रेणुका. मी बसतो इथं."

मॅडम गळून पडलं होतं. तिनं ते ऐकलं आणि वहीचं पहिलं पान उघडलं. आशिषच्या घरात दोन कप होते, असं तिनं सुरुवातीलाच घातलं. तिथून पुढे प्रत्येक प्रकरणात कुठेतरी एक बाई डोकावू लागली, आणि तिच्या उजेडात आशिष कधी चिडू लागला, कधी विसरू लागला, कधी शर्वरीला चुकीच्या नावानं हाक मारून कसनुसा झाला. त्या दिवशी धुकं साडेआठला उठलं. रेणुका दहाला उठली. शेजारी शलमोन होता, बसल्या बसल्या डोळा लागलेला.

रविवारी उपासनेआधी दोघं आबांच्या खोलीत गेली. आबांनी वही उघडून ठेवलीच होती.

"या. करा सह्या, खोडून टाकतो."

"खोडायचं नाही, आबा," रेणुका म्हणाली. "दुरुस्ती आहे. अविवाहितच्या जागी विधुर."

आबांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा शलमोनकडे. "येवडीच दुरुस्ती?"

"आज एवढीच," शलमोन म्हणाला. "नावांचं पुढच्या रविवारी बघू."

रेणुकानं त्याच्याकडे बघितलं. मग ती आबांना म्हणाली, "बघू."

आबांनी टोपण काढलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर टाकून त्यांनी नोंदीपुढे आधी वेळ लिहिली, नऊ वाजून दहा मिनिटं, आणि मग लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणाले, "गाडी थांबली हाय. सिग्नलची वाट बघती."