ऑक्टोबरचं पान

मित्रांनो, दूर डोंगरातल्या नारीन गावच्या शाळेत सहावीला असलेल्या बुरुल नावाच्या मुलीची मी गृहपाठाची डायरी. आता जुनी झाले. कोपरे दुमडलेत, पाठीवर चहाचा डाग आहे. डागाचं मला काही वाटत नाही. माझी दोन पानं नाहीत, त्याचं वाटतं.

सप्टेंबरात आले तेव्हा माझी ऐट काय सांगू! रोजचा अभ्यास माझ्यात लिहायचा, शेजारी बाईंनी गुण द्यायचे, पाच म्हणजे उत्तम, दोन म्हणजे नापास. दर शनिवारी खाली घरच्यांची सही. बहुतेक घरांत ही सही न वाचताच होते. बुरुलची आई तशी नव्हती. पिठाचे हात पुसून मला मांडीवर घ्यायची आणि ओळ न् ओळ वाचायची.

"आपा, कर ना गं सही, मैत्रिणी थांबल्यात," बुरुल आईमागे भुणभुण करायची.

"न वाचता सही ठोकायला मी काय कचेरीतला हाकीम आहे? बस इथे. हे भूगोलाचं केलंस, की नुसतंच लिहून आणलंस?"

सहीशेजारी ती एक ओळही लिहायची. ऑक्टोबरात ती आजारी पडून राजधानीत, बिश्केकच्या दवाखान्यात गेली. निघायच्या सकाळी तिने लिहिलं, 'बुरुलचे अपूर्णांक कच्चे आहेत. मी आले की घेईन.'

ती आली नाही. जानेवारीत तिला गोठलेल्या मातीत ठेवलं.

ती दवाखान्यात गेल्यापासून वडीलच सही करत होते. माणूस भला, पण हात माझ्यावर आणि डोळे भलतीकडे. बुरुल दर शनिवारी सहीआधी ऑक्टोबरचं पान उघडायची, त्या ओळीवरून बोट फिरवायची. बाकीचा अभ्यास तिने कसाबसा रेटला. अपूर्णांकांना मात्र हात लावला नाही. ते आपा घेणार होती ना.

एप्रिलमध्ये गणिताच्या कालिपाबाईंनी लाल शाईने दोन गुण दिले आणि खाली लिहिलं, 'गृहपाठ नाही. वडिलांनी भेटावे.' आधीच खचलेल्या बापाला हे कसं दाखवायचं? शुक्रवारी घरी येताच तिने ते पान टरकन ओढून काढलं आणि चुलीत टाकलं.

मित्रांनो, माझी पानं जोडीजोडीची. मधोमध दुमडलेला एकेक कागद, त्याला दोन पिना. एप्रिलचं पान ज्या कागदाचं, त्याच कागदाचं ऑक्टोबरचं. एक ओढलं आणि दुसरं सुटं झालं. बुरुलला ते कळलंच नाही. मला फळीवर ठेवताना ते गळून खाली पडलं.

सकाळी वडील लेकीच्या चहासाठी चूल पेटवायला बसले. पान उचललं, चुरगाळलं, काडी लावली. मी फळीवरून बघत होते. मला तोंड असतं तर ओरडले असते.

शनिवारी शाळेतून आल्यावर बुरुलने मला उघडलं. पुढे चाळलं, मागे चाळलं.

"अताके, इथे एखादं पान पडलं होतं का?" तिने वडिलांना विचारलं.

"हो, सकाळी चुलीला घेतलं. का गं, कामाचं होतं?"

ती मला घेऊन चुलीपाशी बसली. मग सगळं सांगितलं, दोन गुणांचं, फाडल्याचं. "त्याच्या जोडीच्या पानावर आपाची सही होती. शेवटची."

वडिलांनी चुलीतली राख उपसली. राखेत काय मिळणार? हात पुसून त्यांनी मला घेतलं आणि पहिल्यांदाच पहिल्या पानापासून वाचलं. बायकोची एकेक ओळ आली की थांबायचे, डोळे पुसायचे.

"त्या पानावर काय लिहिलं होतं तिने?"

"माझे अपूर्णांक कच्चे आहेत. ती आली की घेईल."

वडिलांनी मला बाजूला ठेवलं. "पुस्तक आण. मलाही येत नाहीत. तू मोठ्याने वाच, बघू दोघं मिळून."

आता रोज बसतात दोघं. परवा बुरुलला चार गुण मिळाले. माझ्यातला ऑक्टोबर मात्र रिकामाच राहिला.

मित्रांनो, लाल शेऱ्याचं पान फाडू नका. घरी दाखवा. आणि घरच्यांना सांगा, सही करण्याआधी एकदा वाचत जा. त्या सकाळी कुणी वाचलं असतं, तर ते पान आज माझ्यापाशी असतं.