चौदा दिवसांची मुदत

नेरुळमध्ये दिलीप वालावलकरांना ओळखत नाही असा जुना माणूस सापडणं कठीण. सेक्टरांना नंबर मिळाले होते पण रस्त्यांना दिवे नव्हते, तेव्हा त्यांनी बँकेची नोकरी सोडून 'खाडीकाठ' हे साप्ताहिक काढलं. त्याच वर्षी नागरिक मंच सुरू केला. पाणी, बससेवा, शाळेची जागा, जे काही अडलं असेल ते आधी मंचाच्या बैठकीत यायचं आणि गुरुवारी 'खाडीकाठ'च्या पहिल्या पानावर. सगळे त्यांना साहेब म्हणत. एकेरीत हाक मारणारा एकच, शेजारच्या शिरवणे गावातला सिताराम घरत.

सितारामची नि त्यांची गाठ पडली ती गावातल्या घरांना पाडकामाच्या नोटिसा आल्या तेव्हा. दिलीपनी सलग अकरा आठवडे लिहिलं आणि सितारामने गाव रस्त्यावर बसवलं. घरं राहिली. तेव्हापासून सिताराम दर गुरुवारी संध्याकाळी ओट्यावर बसून चार म्हाताऱ्यांना 'खाडीकाठ' मोठ्याने वाचून दाखवायचा आणि अंक लोखंडी पेटीत ठेवायचा. एकही टाकला नाही.

पुढे लोक मोबाईलवर वाचायला लागले. स्टॉलवाले गठ्ठे तसेच परत करू लागले. 'खाडीकाठ' चालत राहिला तो पान चारवर. तिथे वकिलांच्या जाहीर नोटिसा असायच्या : अमुक जागा आमचे अशील विकत घेत आहेत, कोणाचा हक्क असल्यास चौदा दिवसांत कळवावे, नंतर हरकत चालणार नाही. ही सगळी कामं कचेरीतला सुधीर बघायचा. वीस वर्षं कचेरीत असलेला जुना माणूस. काही वकिलांना नोटीस छापून हवी असे, पण कोणी वाचायला नको असे. त्या आठवड्याला सुधीर मोजक्याच प्रती काढायचा. नोटीस देणाऱ्या वकिलाला, सरकारी दप्तराला, आपल्या फायलीला. वाटप नाही. वर्षातून तीन-चार गुरुवार असे जात. दिलीप त्याबद्दल विचारत नसत. प्रेसला उशीर झाला, एवढं सुधीर म्हणायचा आणि ते मान हलवायचे.

फेब्रुवारीत एका सकाळी सिताराम कचेरीत आला. बरोबर मुलगी उत्कर्षा होती, ती उरणच्या एका शाळेत शिकवायची. सितारामने टेबलावर एका कात्रणाची झेरॉक्स ठेवली.

"वाच," तो म्हणाला.

उलव्यातल्या एका प्लॉटची नोटीस होती. सरकारने घेतलेल्या घरतांच्या जमिनीच्या बदल्यात मिळालेला प्लॉट, सितारामच्या आणि त्याच्या वारलेल्या भावाच्या नावावर. सितारामने आपला हिस्सा सोडला आहे, असं नोटिशीत लिहिलं होतं. भावाचा मुलगा कुलदीप सगळा प्लॉट विकत होता. वर 'खाडीकाठ'चं नाव, मागच्या सप्टेंबरातली तारीख.

"दोन वर्षांमागं कुलदीपनं सही घेतली," सिताराम म्हणाला. "बोलला, काका, टॅक्सचा कागद हाय. मी दिली. आता उलव्याला जेलो तं प्लॉटला चारी बाजूंनी पत्रे. आत पोकलेन. वॉचमन मनाच विचारतोय, कोन तुमी?"

"आम्ही वकिलांकडे गेलो, काका," उत्कर्षा म्हणाली. "ते म्हणाले, नोटीस आली तेव्हा हरकत का नाही घेतली? म्हणून आम्ही नोटीस शोधली."

"पन ही कातरन खोटी हाय," सिताराम म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, खात्री होती. "माज्या पेटीत सगले अंक हायत. या तारखेचा नाय. मी दर गुरुवारी स्टॉलवर जातंय, त्या गुरुवारी पेपर आलाच नव्हता. कुलदीपनं कुठंतरी छापून घेतलीय, तुज्या नावावर. मना एक चिठ्ठी दे तुज्या सहीची, का हा पेपर तुजा नाय."

दिलीप कात्रण हातात धरून बसले. वर 'खाडीकाठ'च्या नावाशेजारी, डाव्या कोपऱ्यातलं बोधवाक्य थोडं तिरकं छापलं गेलं होतं. त्या महिन्यात ते तसंच छापलं जात होतं.

"मी फाईल बघतो," ते म्हणाले. "दोन दिवस दे."

सिताराम उठला. "चाय नको. तू बघ. तुजा पेपर असता तं मना आधी फोन केला असतास, ते काय मना ठावूक नाय?"

ती दोघं गेल्यावर दिलीपनी सुधीरला बोलावलं. फाईल काढायची गरजच पडली नाही.

"पस्तीस काढले होते," सुधीर म्हणाला. "वकील म्हणाला, बाहेर नको."

"नावं वाचली नाहीस? सिताराम घरत?"

"साहेब, घरत काय एक आहे का? आणि मजकूर तयार येतो. मी टाकतो."

"मला सांगायचं होतंस."

"पहिल्या वेळी सांगितलं होतं, साहेब. सहा वर्षांपूर्वी. तुम्ही म्हणालात, तू बघ, मला त्यात घेऊ नकोस."

हे खरं होतं. दिलीपना ती दुपारसुद्धा आठवत होती.

घरी त्यांनी पत्नीला, सुनीतीबाईंना सांगितलं. सुनीतीबाईंनी वीस वर्षं 'खाडीकाठ'ची मुद्रितं तपासली होती, डोळे अधू झाले तेव्हा थांबल्या.

"तुम्हाला माहीत नव्हतं?"

"या अंकाचं नव्हतं."

"म्हणजे माहीत होतं." त्या ताटं वाढत होत्या, वाढत राहिल्या. जरा वेळाने म्हणाल्या, "मंचातले लोक काय म्हणतील ते म्हणू देत. सिताराम तुमची चिठ्ठी घेऊन कोर्टात गेला आणि तिथं खरं निघालं, तर तो तोंडघशी पडेल. आजच जा."

दिलीप जेवले नाहीत. रिक्षा करून शिरवण्याला गेले. ओट्यावर सिताराम आणि गावातले दोघं-तिघं बसले होते. दिलीपना बघून त्यातला एक उठून जागा करू लागला. दिलीप उभेच राहिले.

"अंक खरा आहे, सिताराम. आमच्याकडेच छापला. पस्तीस प्रती. वाटला नाही. नोटीस कोणाला दिसू नये म्हणूनच वाटला नाही."

सितारामने शेजारच्या माणसाकडे पाहिलं, आणि लगेच नजर काढून घेतली.

"तुला ठावूक होता?"

"असं करतात हे ठाऊक होतं. तुझी नोटीस आहे हे नव्हतं."

"मंग दुसऱ्या कोनाची असती तं चालला असता," सिताराम म्हणाला.

उत्कर्षा दारात आली होती, तिने सगळं ऐकलं होतं. तिनेच विचारलं, "हे तुम्ही लिहून द्याल का, काका? कोर्टात?"

"देईन."

सिताराम उठून घरात गेला. तो परत बाहेर आला नाही. ओट्यावरचे लोकही एकेक करून उठले.

दिलीपनी प्रतिज्ञापत्र केलं. त्यात काही झाकलं नाही : किती वर्षं, किती अंक, आपल्याला काय माहीत होतं. महिन्याभरात वकिलांच्या नोटिसा यायच्या थांबल्या. कोणी भांडायला आलं नाही, नुसता फोन वाजेनासा झाला. सुधीर म्हणाला, "तुम्ही मोकळे झालात, साहेब, माझं काय? कागदावर नाव माझं आलंय." त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. एप्रिलपासून तो यायचा बंद झाला. मंचाच्या बैठकीत एका तरुण सभासदाने फार आदराने सुचवलं, की साहेबांनी आता तब्येतीकडे लक्ष द्यावं. टाळ्या वाजल्या. दिलीपनी अध्यक्षपदाचा राजीनामा तिथेच लिहून दिला. 'खाडीकाठ'चे आणखी तीन अंक निघाले, एकट्याने काढलेले, आठऐवजी चार पानी. तिसऱ्या अंकात त्यांनी झाल्या प्रकाराची हकिकत आपल्या नावाने छापली. स्टॉलवर ठेवलेल्या दोनशे प्रतींपैकी एकशे ऐंशी परत आल्या. मग त्यांनी छापणं बंद केलं.

उलव्याच्या प्लॉटवर तळघर झालं, मग खांब वर आले. बांधकाम थांबवावं म्हणून घरतांनी अर्ज केला होता, त्याची सुनावणी जुलैत लागली. दिलीप मागच्या बाकावर बसले होते. प्लॉट विकत घेतलेल्या बिल्डरच्या वकिलाने त्यांचं प्रतिज्ञापत्र हातात धरून वाचून दाखवलं आणि म्हणाला, "हे गृहस्थ स्वतःच सांगतात की सहा वर्षं त्यांच्या पेपरात लबाडी चालली होती. मग आज ते खरं बोलतात, हे कशावरून धरायचं? अंक छापला गेलाय, दप्तरात जमा आहे. सही घरतांचीच आहे, हेही ते नाकारत नाहीत."

स्थगिती मिळाली नाही. दावा चालू राहील, पुढची तारीख नोव्हेंबरची.

बाहेर जिन्यापाशी उत्कर्षा वकिलाशी बोलत होती. सिताराम कठड्याला धरून उभा होता. पाच महिन्यांत तो वाळला होता. दिलीप त्याच्याजवळ गेले.

"आठ दिस," सिताराम समोर बघत म्हणाला. "कातरन सापडल्यापासून तू घरी येईपर्यंत आठ दिस मी सगल्या गावाला सांगत होतो, पेपर खोटा हाय. कुलदीपच्या दारात जाऊन बोललो. दिलीपचं नाव घेऊन शिव्या दिल्या तेला. तो हसत होता. मना कलला नाय, हसतो कशाला."

"सिताराम—"

"तू खरा बोललास, ठीक हाय. उत्कर्षा बोलते, हिंमत लागते. लागत आसंल." त्याने पहिल्यांदा दिलीपकडे पाहिलं. "पन तू आता तारखेला येऊ नको. तू आलास का मना तुज्याकडं बघवत नाय, नि मंग वकील काय बोलतो त्यात ध्यान राहत नाय."

उत्कर्षा आली. तिने दिलीपना मान लववून नमस्कार केला आणि वडलांचा दंड धरला. दोघं सावकाश जिना उतरून फाटकाकडे गेली.

दिलीप घरी आले तेव्हा सुनीतीबाई खिडकीपाशी बसून होत्या. काय झालं ते त्यांनी विचारलं. दिलीपनी सांगितलं. सितारामचं शेवटचं बोलणं तेवढं सांगितलं नाही.

"म्हणजे नोव्हेंबरात परत जायचं," सुनीतीबाई म्हणाल्या.

"नाही," ते म्हणाले, आणि हात धुवायला आत गेले.