फटीतला ठोकळा

संध्याकाळी पाचला माणूस गाडी न्यायला येणार, आणि ज्या बाईची गाडी तिला हे कळलं कधी, तर सकाळी चहा पिताना!

"दोर लावून ओढत नेतो म्हणालाय," भाचा कपात बघत बोलला. "आत्या, संपली गं ती गाडी. बावीस वर्षं झाली. थंडी पडल्यापासून जागची हलली नाहीये. तू फक्त विक्रीच्या कागदावर सही कर."

आत्या शिलाई मशीन दुरुस्त करायची. दुकान वगैरे काही नाही. ती थोराड डिझेल गाडी हेच तिचं दुकान. मागच्या सीट काढून तिथे अवजारं, सुट्टे भाग, तेलाचे डबे. अडुसष्टाव्या वर्षीसुद्धा लांबलांबच्या शिंप्यांकडे आणि कारखान्यांत ती स्वतः चालवत जायची. गाडी गेली म्हणजे खिडकीत बसून येणारेजाणारे मोजायचे, दुसरं काय!

"सुरू झाली तर?" तिनं विचारलं.

"कशी होईल? बॅटरी तर मीच घालून दिली ना तीन महिन्यांपूर्वी, नवी कोरी? इंजिनच गेलंय."

"सुरू झाली तर सही नाही. नाही झाली तर दोर मी स्वतः बांधून देते."

भाचा कप ठेवून आपल्या सुतारकामाच्या कारखान्यात निघून गेला. आठव्या वर्षापासून तिनं वाढवलेला पोरगा. हात सोन्याचा, पण बोलायचं म्हटलं की मूग गिळून बसणार.

आत्यानं पाना घेतला आणि बॉनेट उघडलं. इंजिनाचं नंतर बघू, आधी बॅटरी तपासून आणू, असा तिचा साधा हिशेब. बॅटरी उचलली तसं शेजारून काहीतरी निसटून खाली पडलं. चष्मा घरात राहिलेला, वेळ जायला नको, म्हणून ते तिनं तसंच पिशवीत टाकलं. मशीन न्यायची दोन चाकांची ढकलगाडी होतीच. तिच्यावर बॅटरी बांधून बाई निघाल्या, आणि वाटेत दोघांनी "मी ढकलू का?" विचारलं तर दोघांनाही असं पाहिलं की पुन्हा म्हणून विचारणार नाहीत.

बॅटरीवाल्यानं मीटर लावला. "आजी, ही तर ठणठणीत आहे."

"मग गाडी का उठत नाही?"

"गाडी कुठली?"

आत्यानं सांगितलं. बॅटरीवाला हसायलाच लागला. "अहो, ही छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी! तुमचं एवढं मोठं डिझेल इंजिन थंडीत फिरवायचा दम हिच्यात कुठला? थंडी नव्हती तोवर कसंबसं रेटलं असेल, थंडी पडली की खेळ खलास. चुकून आणली कुणीतरी. पण ही तुमच्या खणात बसली कशी? चांगली दोन बोटं फट राहिली असणार. शेजारी काही खोचलं नव्हतं का?"

आत्यानं पिशवीत हात घातला. बॅटरीवाल्याचाच चष्मा मागून डोळ्यांवर चढवला.

लाकडाचा ठोकळा होता. दोन बोटं रुंद, मापाला अचूक. चारही बाजूंनी रंधा मारलेला, पॉलिश पेपरनं घासलेला, कोपरे गोल केलेले. जिथे कुणाची नजर कधी जाणार नाही तिथे खोचायचा तुकडा, आणि तो असा! उभ्या गावात एकच माणूस असा तुकडा कापतो. लहानपणी खुर्चीखाली लावायची चकतीसुद्धा तो गुळगुळीत करून आणायचा.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चुकून म्हणे! चुकून आणली असती तर फट दिसताच परत केली असती. त्याला फट दिसली आणि त्यानं ती बसून, मापं घेऊन भरली.

पण घरातलं भांडण दुकानात काढणाऱ्यांतली ती नव्हे. ठोकळा तिनं पिशवीत टाकला. "मोठी दाखवा."

"आजी, जुन्या गाडीला कशाला उगाच भारी? ही साधी घ्या. गाडीचंच काय सांगावं..."

"गाडीचं मी सांगते. तुम्ही बॅटरीचं सांगा."

त्यानं एक भारदस्त बॅटरी पुढे सरकवली. आत्यानं वाकून पाहिलं. "हिचा प्लस डावीकडे. माझी जाड वायर उजवीकडे येते, ती काय ताणून ताणून लावू?" दुसरी आली. तिच्यावरचा शिक्का वाचून आत्यानं तीही परत केली. "ही वर्षभर फळीवरच बसलीय. मला बसून राहिलेली नकोय." तिसरी गेल्याच महिन्यात बनलेली, प्लस उजवीकडे, खणाच्या मापाची, थंडीत इंजिन फिरवायची ताकद काढून आणलेल्या बॅटरीच्या दुप्पट.

"चार वर्षांची वॉरंटी आहे," तो म्हणाला. आता मात्र आजीवरून मावशीवर आला होता. "पण मावशी, तोवर तुम्ही गाडी चालवणार?"

"तोवर तुम्ही दुकान चालवणार ना? मग झालं तर!"

पाच वाजता फाटकात दोर घेऊन माणूस उभा, शेजारी भाचा कागद घेऊन. आत्या गाडीत बसली आणि किल्ली फिरवली. गाडीनं आढेवेढे घेतलेच नाहीत. अर्ध्या फेऱ्यात इंजिन धडधडायला लागलं.

"अहो, ही तर चालू गाडी आहे!" दोरवाला म्हणाला.

"आहेच मुळी. विकायला एवढंच आहे." आत्यानं ठोकळा खिडकीतून पुढे धरला. "हवा तर घेऊन जा. काम सुरेख आहे."

दोरवाल्याला काही कळलं नाही; तो चरफडत निघून गेला. भाच्याला मात्र सगळं कळलं. मान खाली घालून तो ठोकळ्याकडे बघत राहिला.

"मेल्या, तुला लबाडीसुद्धा ओबडधोबड करता येत नाही रे!"

"मग काय करू?" तो एकदम ओरडला. आवाज फाटला त्याचा. "गेल्या हिवाळ्यात गाडी खड्ड्यात गेली तुझी. चार तास पत्ता नाही, फोन नाही. मी रस्त्यानं पळत होतो आत्या."

आत्याला वाईट वाटलं. फार वाटलं. हाच पोरगा शाळेच्या फाटकाशी तिची वाट बघत रडवेला उभा असायचा. पण म्हणून तिनं इंजिन काही बंद केलं नाही.

"भीती वाटते, तर ती माझ्या तोंडावर सांग. भांडू, ओरडू, जेवणार नाही म्हणून बस. पण माझ्या पाठीमागे बॅटरी बदलून तू मला म्हातारी ठरवलंस. तीन आठवडे मला वाटत होतं, संपलं आपलं. गाडीचं नाही रे, माझं. हे मी विसरणार नाही."

भाच्यानं हातातला कागद फाडला, आडवा आणि मग उभा. फाटक उघडलं. वळणापलीकडच्या कारखान्यात सहा मशीन तीन आठवडे तिची वाट बघत पडली होती. आत्यानं गिअर टाकला.

"आत्या," तो खिडकीशी आला. "पोचलीस की फोन करशील?"

"करीन."

"नक्की?"

"विचारलंस ना आज? मग करीन," ती म्हणाली आणि गाडी रस्त्यावर काढली.