ताइस्तोची नवी लेन्स

किडे-फुलं अगदी जवळून टिपायच्या ताइस्तोच्या मॅक्रो लेन्सला आतून बुरशी धरली, तेव्हा इर्याला मनातून बरंच वाटलं. आता दुसरी घ्यावी लागणार होती, आणि नव्या मॉडेलमध्ये हाताची थरथर आवरायची सोय होती. नवऱ्याचे हात गेली दोन वर्षं कापत होते. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. पुढे त्यांचाही इलाज नव्हता.

कॅमेऱ्याच्या दुकानात काउंटरमागच्या ओउतीने दोन लेन्स समोर ठेवल्या. एक त्याच्याच लेन्सची जुळी, कुणीतरी वापरून विकायला दिलेली. दुसरी त्याच कंपनीची नवी.

ताइस्तोने जुनी उचलून फोकसची कडी फिरवली. "ही बघ, शेवटाला येऊन टेकते. कुठे आहोत ते बोटाला कळतं. नवीची नुसती गरगर फिरत राहते."

"बोटांचं कौतुक पुरे," इर्या म्हणाली. "गेल्या उन्हाळ्यातला एक तरी फोटो धड आलाय का?"

बोलून गेली आणि तिने जीभ चावली. ओउती उगाचच काउंटरची काच पुसू लागली.

"दे बाई नवीच," ताइस्तो हसून म्हणाला. "घरात हिच्यापुढे माझं काय चालतंय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं तळ्याकाठी गेले. कॅमेऱ्याची तिपाई दलदलीत रुतायची, म्हणून त्याने गुडघेच टेकले. समोर गवताच्या पात्यावर चतुराच्या जातीतली एक निळी टाचणी दवाने जड होऊन बसली होती.

"अगं, थांबलं!" कॅमेऱ्याला डोळा लावून तो ओरडला. "चित्र हलत नाहीये!"

इर्या त्याच्या मागे येऊन वाकली.

त्याने फोटो काढले. पडद्यावर पाहिलं, तर पंखाचं टोक लख्ख आणि डोळे धूसर. पुढच्यात पाय लख्ख, डोळे धूसरच. हातांची थरथर लेन्सने आवरली होती, पण त्याचं अख्खं अंगच मागेपुढे डुलत होतं. तांदळाच्या दाण्याएवढं डुललं तरी फोकस चुकायचा. तिथे कुठलीच लेन्स पुरी पडणारी नव्हती.

इर्याने मागून त्याचे खांदे घट्ट धरले. ताकद लावून धरले. त्याचं कापणं तिच्या कोपरांपर्यंत चढलं, थांबलं मात्र नाही. तेवढ्यात ऊन वर आलं, दव सुकलं आणि टाचणी उडून गेली.

"जुनीच घ्यायला हवी होती का रे?"

"तिच्यातही हेच झालं असतं."

"ठाऊक होतं तुला? मग दुकानात बोलला का नाहीस?"

"तुला वाटत होतं ना, होईल म्हणून."

तो लेन्सचं झाकण बसवू लागला. ते खाचेत जाईना. इर्याने मदतीला हात पुढे केला, आणि त्याचा चेहरा पाहून मागे घेतला. तो बसवत राहिला. ती शेजारी ओल्या गवतात बसून राहिली.